इंग्रजी क्रियापदांचे नाना अर्थ

नारळी पौर्णिमा होऊन होड्या नुकत्याच समुद्रांत गेल्या होत्या, त्या सुमाराची गोष्ट. एके दिवशीं मधल्या सुटींत बंदराकडील एक मावशी धाकट्या मुलाच्या फीची पावती नेण्यासाठीं शाळेंत आल्या. काम झालें तरी त्या जाईनात. शेवटीं त्यांनीं पिशवींतून घडी घातलेला एक कागद काढून माझ्यापुढें ठेविला व म्हणाल्या, "मास्तर, एवढें पाहाल काय? थोरल्याची बोटीवरची नोकरी गेली म्हणतात. कागद टाकून देण्यापूर्वीं कोणा जाणत्याला दाखवावा, असें मनांत आलें."

कागद मुंबईच्या एका जहाज-कचेरीचा होता. त्यांत महत्त्वाचीं वाक्यें दोनच. पहिल्यांत मुलाखत 'पुट ऑफ' करण्यांत आली आहे असें लिहिलें होतें. दुसऱ्यांत उमेदवारानें आपले राहिलेले दाखले महिनाअखेरच्या आंत 'सेंड इन' करावेत, असें होतें. मावशींच्या पुतण्यानें तो कागद घरीं वाचून दाखविला होता. पुतण्या आमच्याच शाळेंत दहावींत शिकणारा, इंग्रजींत चांगले गुण मिळविणारा. त्यानें विचार केला : 'पुट' म्हणजे ठेवणें, 'ऑफ' म्हणजे बंद, कारण दिव्याचें बटण 'ऑफ' केलें कीं दिवा बंद होतो, तेव्हां मुलाखत बंद झाली. दाखले कशाला मागितले आहेत हें त्याला उलगडलें नाहीं, म्हणून तें वाक्य त्यानें सोडून दिलें. घरांत दोन दिवस कोणी धड जेवलें नाहीं, आणि थोरल्यानें हंगामापुरतें मासेमारीच्या नौकेवर जाण्याचें तांडेलास कबूल करून टाकिलें.

मी मावशींस सांगितलें, "मावशी, मुलाखत रद्द झालेली नाहीं, ती पुढें ढकलली आहे. मात्र दाखले चार दिवसांत पोंचले पाहिजेत." दाखले दुसऱ्याच दिवशीं रवाना झाले, मुलाखत पुढील महिन्यांत झाली, आणि मुलगा नोकरीला लागला.

त्या दिवशीं मला पुतण्याचा राग आला नाहीं. आम्हां शिकविणारांचाच आला. 'पोस्टपोन' म्हणजे पुढें ढकलणें, 'कॅन्सल' म्हणजे रद्द करणें, असे मोठे शब्द आम्ही मुलांकडून घोकून घेतों. 'पुट' आणि 'ऑफ' हे शब्द तर पांचवींतल्या मुलासही येतात. म्हणूनच ते शिकवावयाचे राहून जातात. खरें पाहतां इंग्रजी भाषेचा कठिण भाग लांबलचक शब्दांत नाहीं. तो या लहान, रोजच्या, ओळखीच्या वाटणाऱ्या क्रियापदांत आहे. त्यांचा स्वभाव कसा ओळखावा, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस थोडक्यांत सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

भाषांतराच्या वह्या तपासणाऱ्या कोणाही शिक्षकास पुढील तऱ्हेचीं वाक्यें परिचयाचीं असतील. 'द लॅम्प वेंट आउट' याचें भाषांतर 'दिवा बाहेर गेला'. 'शी टेक्स आफ्टर हर मदर' याचें 'ती आपल्या आईच्या नंतर घेते'. आणि 'वुई रॅन आउट ऑफ राइस' याचें 'आम्ही भातांतून बाहेर धांवलों'. हंसूं येतें खरें. परंतु पाहा, या वाक्यांतील एकेका शब्दाचा अर्थ कोशाप्रमाणें बरोबर आहे. विद्यार्थ्यानें आळस केला नाहीं. त्यानें प्रत्येक शब्द शोधला. चूक शब्दांत नाहीं, जोडींत आहे. दिवा विझला, मुलगी आईच्या वळणावर गेली, आणि घरांतले तांदूळ संपले, हे अर्थ सुट्या शब्दांत कोठेंच नव्हते. ते दोन शब्द एकत्र आल्यावर जन्मास आले.

ही अडचण केवळ आमचीच नव्हे. सॅम्युएल जॉन्सन या पंडितानें १७५५ सालीं आपला विख्यात इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. त्यांत एकट्या 'टेक' या क्रियापदाचे १३४ अर्थ दिलेले आहेत. क्रियापदामागें एखादें लहानसें अव्यय जोडून अर्थ पालटण्याची ही रीत इंग्रजींत फार आहे व परकीयांस सर्वांत मोठी अडचण तिचीच पडते, असें त्यानें प्रस्तावनेंत स्वतःच नमूद केलें आहे. पुढें ऑक्सफर्डचा बृहत्कोश निघाला. त्याच्या १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तींत 'सेट' या क्रियापदाचे ४३० अर्थ मोजण्यांत आले. नंतर संपादकांनीं 'रन' या क्रियापदावर नव्यानें काम केलें, तेव्हां त्याचे ६४५ अर्थ भरले. तीन अक्षरांचा शब्द आणि अर्थ साडेसहाशें! अशा जोडशब्दांस 'फ्रेझल व्हर्ब' हें जें नांव आज शाळांतून ऐकूं येतें, तें लोगन पिअर्सल स्मिथ या लेखकानें १९२५ सालच्या 'वर्ड्स अँड इडियम्स' या पुस्तकांत वापरलें. आणि तें त्यास सुचविलें होतें ऑक्सफर्ड कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनीं. आपण त्यांस सोयीसाठीं 'जोडक्रियापदें' म्हणूं.

आतां, 'ही भाषाच विचित्र' असें म्हणून पुस्तक मिटण्यापूर्वीं विद्यार्थ्यांनीं आपल्या घरांतलें एक क्रियापद तपासून पाहावें. तें म्हणजे 'लागणें'. सकाळीं भूक लागते. घाईंत भात तळाला लागतो. वाटेंत ठेंच लागते. माथ्याला ऊन लागतें. होडी धक्क्याला लागते. फणस बुंध्याला लागतो. डोंगरावर वणवा लागतो. वाऱ्यानें दार लागतें. आजोबांस डुलकी लागते. नवशिक्यास सुपारी लागते. आमटी खारट लागते. पुस्तकांस पैसे लागतात. निकालास वेळ लागतो आणि एकदांचा निकाल लागतो. अमका माझा मामा लागतो. पाऊस पडूं लागतो. आणि त्या मावशींचा मुलगा नोकरीला लागला. यांतील एकही अर्थ आपणांस कोणी कोश उघडून शिकविलेला नाहीं. पण एखाद्या परकीयास 'लागणें म्हणजे स्पर्श होणें' एवढेंच सांगून आपल्या घरांत आणून बसविलें, तर त्याची गत त्या भातांतून बाहेर धांवणाऱ्या मुलासारखीच होईल!

आणि तशी गत एके काळीं झालीही असेल. आमच्याच जिल्ह्यांत बाणकोट येथें १८२३ सालीं स्कॉटिश मिशनऱ्यांनीं आपल्या कार्यास आरंभ केला. लोकांशीं बोलावयाचें तर त्यांस आधीं मराठीच शिकावी लागली. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला व त्याची सुधारलेली दुसरी आवृत्ति १८५७ सालीं. इंग्रजी-मराठी कोशाचें काम मोल्सवर्थ यांनीं आरंभिलें, कँडी यांनीं पुरें केलें, आणि तो १८४७ सालीं प्रसिद्ध झाला. लागणें, घालणें, काढणें, मारणें यांसारख्या आपल्या साध्या क्रियापदांखालीं मोल्सवर्थ यांनीं अर्थामागून अर्थ कसे मांडले आहेत, हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें तो कोश उघडून पाहावा. परक्यानें आपल्या 'लागणें'साठीं इतके श्रम घेतले. तर आपण त्याच्या 'गेट'साठीं थोडे घेण्यास हरकत नाहीं.

मग हे अर्थ पाठ करावयाचे तरी कसे? साडेसहाशें अर्थ कोणीच पाठ करीत नाहीं, आणि इंग्रजही करीत नाहीं. प्रत्येक क्रियापदाच्या मुळाशीं एक चित्र असतें. झाडाच्या बुंध्यास फांद्या फुटाव्या त्याप्रमाणें त्या चित्रास अर्थ फुटतात. बुंधा ओळखला कीं फांद्या जुळवितां येतात.

'रन' हेंच घ्या. मुलगा धांवतो तें 'रन'. नदी वाहते तें 'रन'. सर्दींत नाक वाहतें तेंही 'रन'. इंजिन 'रन' करतें, दुकानदार आपलें दुकान 'रन' करतो, कच्चा रंग धुतांना 'रन' होतो, आणि रत्नागिरीहून हातखंब्यास जाणारा रस्ताही इंग्रजींत 'रन'च करतो. मूळ चित्र एकच : न अडतां पुढें सरत राहणें. आतां आपलें 'चालणें' आठवा. माणूस चालतो, घड्याळ चालतें, दुकान चालतें, नाणें चालतें, कोर्टांत खटला चालतो, आणि 'उद्यां आलों तर चालेल काय?' असेंही आपण विचारतों. म्हणजे जेथें आमचें चालतें, तेथें इंग्रजांचें धांवतें! एवढें ध्यानांत आलें म्हणजे 'रन'चे निम्मे अर्थ ओळखीचे होतात.

'टेक'चें मूळ चित्र घेण्याचें आहे. पण इंग्रज जें जें 'घेतो' तें तें आपण घेतोंच असें नाहीं. औषध तोही घेतो, आपणही घेतों. मात्र तो फोटो घेतो, आपण काढतों. तो बस घेतो, आपण बसनें जातों. काम वेळ 'घेतें', आपल्याकडे कामाला वेळ 'लागतो'. सर्वांत मौजेची गोष्ट परीक्षेची. मराठींत विद्यार्थी परीक्षा देतो व शिक्षक ती घेतात. इंग्रजींत विद्यार्थी परीक्षा 'टेक' करतो आणि शिक्षक ती 'गिव्ह' करतात. आमच्याकडील मुलें 'आय गेव्ह माय एक्झॅम' असें लिहितात, त्याचें कारण अज्ञान नव्हे. तें शुद्ध मराठी वाक्य इंग्रजी कपडे घालून आलेलें असतें.

'गेट' हें तर सर्वसंचारी क्रियापद. त्याचें मूळ मिळणें अथवा पावणें. पत्र मिळालें तें 'गेट'. घरीं पोंचलों तें 'गेट'. पावसांत भिजलों तें 'गेट वेट'. थकलों तें 'गेट टायर्ड'. पहिल्यांत वस्तु मिळाली, दुसऱ्यांत जागा मिळाली, पुढील दोहोंत अवस्था मिळाली. आपण यासाठीं मिळणें, पोंचणें, होणें अशीं निरनिराळीं क्रियापदें वापरतों. इंग्रजाचें एकच पुरतें. मग 'गेट अप' म्हणजे उठलेल्या अवस्थेस येणें, 'गेट ओव्हर' म्हणजे दुखणें अथवा दुःख ओलांडून पलीकडे पोंचणें, 'गेट थ्रू' म्हणजे परीक्षेसारख्या अडचणींतून आरपार निघणें. चित्र डोळ्यांपुढें ठेविलें कीं अर्थ आपोआप उमटतो.

येथें आपण या विषयाच्या खऱ्या गाभ्याशीं येतों. क्रियापदामागें येणारा तो लहान शब्द, 'अप', 'ऑफ', 'आउट', 'ऑन', हा शोभेसाठीं नसतो. पुष्कळदां सर्व अर्थ त्याच्याच हातीं असतो. संस्कृत शिकणाऱ्या मुलांस ही गोष्ट नवी वाटूं नये. 'हृ' हा एकच धातु. त्यास निरनिराळे उपसर्ग लागतांच आहार, विहार, प्रहार, संहार व परिहार असे एकमेकांशीं संबंध नसलेले शब्द होतात. आहार घेणें आणि प्रहार करणें यांत अंतर किती! संस्कृतांत हा उपसर्ग धातूच्या पुढें चिकटून बसतो. इंग्रजींत तो मागून, सुटा चालतो. एवढाच काय तो भेद.

मराठींत हेंच काम दुसरें एक क्रियापद करतें. 'खा' आणि 'खाऊन टाक', 'बोललों' आणि 'बोलून बसलों', 'लिही' आणि 'लिहून घे' यांतील फरक कोणाही मराठी मुलास कळतो. 'टाक' म्हटलें कीं काम पुरें झालें. 'बसलों' म्हटलें कीं पश्चात्ताप आला. 'घे' म्हटलें कीं आपल्यासाठीं केलें. आतां इंग्रजीकडे वळा. 'ईट अप', 'ड्रिंक अप', 'टेअर अप', 'यूझ अप' या सर्वांत 'अप'चा अर्थ 'वर' असा नाहीं. तो आपल्या 'टाकणें'सारखा आहे : खाऊन टाक, पिऊन टाक, फाडून टाक, वापरून टाक. 'गो ऑन', 'रीड ऑन', 'कीप ऑन' यांतील 'ऑन' हा आपल्या 'राहणें'सारखा : जात राहा, वाचत राहा, करीत राहा. 'राइट डाउन' व 'नोट डाउन' यांतील 'डाउन' म्हणजे लिहून 'ठेव', टिपून 'घे'.

'ऑफ' म्हणजे सुटणें, तुटणें, दूर होणें. 'कट ऑफ' म्हणजे तोडून वेगळें करणें. 'सेट ऑफ' म्हणजे प्रवासास निघणें. 'सी ऑफ' म्हणजे निघणाऱ्यास पोंचवावयास जाणें. 'पुट ऑफ' म्हणजे ठरल्या दिवसापासून काम दूर नेऊन ठेवणें, म्हणजे पुढें ढकलणें. मात्र 'कॉल ऑफ' म्हणजे बेत मोडून टाकणें, रद्द करणें. 'पुट' असेल तर गोष्ट कोठेंतरी ठेविलेली आहे, ती पुन्हां हातीं येईल. 'कॉल' असेल तर ती मागें बोलाविली, संपली. त्या मावशींच्या घरचें दोन दिवसांचें दुःख या एका भेदानें वांचलें असतें. पुतण्याचा तर्क अगदींच निराधार नव्हता, हेंही सांगितलें पाहिजे. दिव्यासंबंधानें 'पुट ऑफ' म्हणजे मालवणें असाही प्रयोग होतो. यावरून धडा असा कीं, जोडक्रियापदाचा अर्थ ठरवितांना तें कशाविषयीं आहे, हें आधीं पाहावें. दिवा 'पुट ऑफ' केला तर अंधार होतो. मुलाखत 'पुट ऑफ' केली तर नुसता विलंब होतो.

'आउट'चीं दोन तोंडें आहेत. एका तोंडानें तो वस्तु नाहींशी करतो : 'गो आउट' म्हणजे विझणें, 'वेअर आउट' म्हणजे झिजून जाणें, 'डाय आउट' म्हणजे नामशेष होणें, 'रन आउट' म्हणजे संपणें. दुसऱ्या तोंडानें तो वस्तु उजेडांत आणतो : 'फाइंड आउट' म्हणजे शोधून काढणें, 'कम आउट' म्हणजे प्रसिद्ध होणें, 'टर्न आउट' म्हणजे अखेर अमुक ठरणें. आपल्या 'काढणें'चीही तीच तऱ्हा नाहीं काय? डाग काढला म्हणजे तो नाहींसा झाला, आणि चित्र काढलें म्हणजे तें दिसूं लागलें!

वाक्यरचनेचा एक नियम येथें सांगणें जरूर आहे, कारण परीक्षेंत व पत्रांत त्यांतच चूक होते. 'पुट ऑफ द मीटिंग' असें म्हणावें किंवा 'पुट द मीटिंग ऑफ' असें म्हणावें, दोन्ही शुद्ध. पण नामाच्या जागीं सर्वनाम आलें तर तें मध्येंच बसलें पाहिजे : 'पुट इट ऑफ'. 'पुट ऑफ इट' असें कधीं म्हणूं नये. उलट 'लुक आफ्टर', म्हणजे सांभाळणें, यासारख्या जोड्या फुटत नाहींत. 'लुक आफ्टर हिम' असेंच म्हणावें लागतें. कांहीं ठिकाणीं तीन शब्दांचा ताफा असतो. 'पुट अप विथ' म्हणजे सोसणें. 'लुक फॉरवर्ड टु' म्हणजे उत्सुकतेनें वाट पाहणें. आणि त्याच्यापुढें क्रियापद आलें तर तें 'मीट' असें न येतां 'मीटिंग' असें येतें. नोकरीच्या अर्जाच्या शेवटीं हें वाक्य हटकून असतें, म्हणून एवढें तरी पक्कें असावें.

इंग्रजींत असे दुहेरी शब्द कां, याचें उत्तर तिच्या इतिहासांत आहे. अँगल्स व सॅक्सन लोकांची ती मूळची घरगुती भाषा. पुढें उत्तरेकडून नॉर्स दर्यावर्दी आले. 'गेट' आणि 'टेक' ही त्यांचीच देणगी. १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें, तेव्हांपासून दरबारांत व न्यायालयांत फ्रेंच शिरली, आणि विद्वानांची लॅटिन तर होतीच. त्यामुळें एकाच अर्थाचे दोन शब्द झाले : घरांत 'पुट ऑफ', कचेरींत 'पोस्टपोन', घरांत 'पुट आउट', कचेरींत 'एक्स्टिंग्विश', घरांत 'पुट अप विथ', कचेरींत 'टॉलरेट'. आपल्याकडेही असेंच आहे. 'सभा पुढें ढकलली' हें आपण बोलतों, 'सभा स्थगित केली' हें नोटिशींत लिहितों. शाळेच्या पुस्तकांतून मुलांस बहुधा कचेरीचा शब्द आधीं भेटतो. त्यामुळें आमचा विद्यार्थी जाडा ग्रंथ समजूं शकतो, पण दोन इंग्रज गप्पा मारूं लागले कीं गोंधळतो. घरांत शिरावयाचें तर घरचा शब्द आला पाहिजे.

याचें महत्त्व केवळ गुणांपुरतें नाहीं. आमच्या किनाऱ्यावरील कितीतरी घरांतील मुलगे व्यापारी जहाजांवर आहेत. जहाजावरील कामाची भाषा इंग्रजी, आणि तिचे हुकूम पुष्कळसे याच जातीचे. 'मेक फास्ट' असा हुकूम आला तर घाई करावयाची नसते. दोर घट्ट बांधावयाचा असतो, कारण येथें 'फास्ट' म्हणजे जलद नव्हे, पक्कें. 'स्टँड बाय' म्हणजे बाजूला उभें राहणें नव्हे, सज्ज राहणें. 'लेट गो' म्हणजे जाऊं देणें नव्हे. नांगर अथवा दोर सोडणें. 'होल्ड ऑन' म्हणजे दोर सुटूं न देतां धरून ठेवणें. जहाज धक्क्याला लागत असतांना ताणलेल्या दोराजवळ उभ्या असलेल्या माणसास कोश उघडावयास वेळ नसतो; तेथें एका शब्दाची गफलत हातपाय घेऊं शकते. निरनिराळ्या देशांचे खलाशी एका जहाजावर असतात, म्हणून लंडन येथील आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनें २००१ सालीं जहाजांवर वापरावयाचीं ठराविक इंग्रजी वाक्यें संमत केलीं. 'मे', 'माइट', 'शुड', 'कुड' यांसारखे दुहेरी अर्थाचे शब्द टाळावेत, अशी सूचनाही त्यांत आहे.

आकाशांतील उदाहरण याहून दारुण आहे. २७ मार्च १९७७ रोजीं कॅनरी बेटांतील टेनेरीफ येथें दाट धुक्यांत दोन प्रचंड विमानें धांवपट्टीवरच एकमेकांवर आदळलीं व ५८३ माणसें प्राणांस मुकलीं. कारणें अनेक होतीं. परंतु त्यांतील एक कारण 'टेक ऑफ' हे दोन शब्द होते. डच विमानांतून त्या शब्दांचा जो संदेश आला, त्याचा अर्थ विमान उड्डाणासाठीं धांवूं लागलें असा होता. नियंत्रकानें तो, विमान उड्डाणाच्या जागीं सज्ज उभें आहे, असा घेतला. बोलणारा डच, ऐकणारा स्पॅनिश, आणि मधली भाषा इंग्रजी! त्यानंतर नियम असा झाला कीं, 'टेक ऑफ' हे शब्द उड्डाणाची प्रत्यक्ष परवानगी देतांना किंवा ती काढून घेतांनाच उच्चारावे; एरवीं 'डिपार्चर' हा शब्द वापरावा. लहान शब्दांस लहान समजूं नये, याहून मोठा पुरावा तो कोणता?

आतां विद्यार्थ्यांनीं काय करावें? पहिली गोष्ट, सुटा शब्द पाठ करूं नये; वाक्य पाठ करावें. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. त्या पद्धतीचें मर्म हेंच कीं, शब्द दिला कीं लगेच त्याचीं वाक्यें, आणि भाषांतर दोन्हीकडून : इंग्रजीचें मराठी व मराठीचें इंग्रजी. दुसरी गोष्ट, एक लहान वही करावी. तींत पानापानावर 'अप', 'ऑफ', 'आउट', 'ऑन' असे मथळे घालावे आणि वाचतांना जें जोडक्रियापद भेटेल तें वाक्यासकट त्या त्या पानावर टिपून घ्यावें. एका पानावर दहा-बारा जमलीं कीं त्या लहान शब्दाचा स्वभाव आपोआप दिसूं लागतो. रोज दोन टिपलीं तरी शाळेच्या दोनशें दिवसांत चारशें होतील, आणि तेवढीं नित्याच्या व्यवहारास पुष्कळ आहेत. तिसरी गोष्ट, प्रत्येकासमोर शब्दशः अर्थ न लिहितां आपल्या आईच्या बोलण्यांतला मराठी प्रयोग लिहावा. 'गेट ओव्हर' समोर 'वर मिळणें' लिहूं नये. 'दुखण्यांतून उठणें' असें लिहावें. चौथी गोष्ट, अर्थ ठाऊक आहे असें वाटलें, पण पुढचें वाक्य जुळेना, तर थांबावें. पुतण्यास दाखल्यांचें वाक्य जुळलें नव्हतें. तेथेंच त्यानें पहिल्या वाक्याचा अर्थ पुन्हां तपासावयास हवा होता. न जुळणारें वाक्य सोडून देण्यासाठीं नसतें. आपली चूक दाखविणारा तो मित्र असतो.

पालकांस एक विनंति. 'आम्हांस इंग्रजी येत नाहीं, मुलाचा अभ्यास आम्ही काय घेणार?' असें पुष्कळजण खिन्नपणें म्हणतात. त्यांनीं एवढेंच करावें. मुलास इंग्रजी उतारा वाचावयास लावावा आणि विचारावें, "बाळ, हें आपल्या भाषेंत मला सांग." मुलानें तें सरळ, आपल्या घरांत शोभेल अशा मराठींत सांगितलें, तर त्यास इंग्रजी समजलें आहे. त्याची मराठी अडखळली, 'दिवा बाहेर गेला' असें कांहीं ऐकूं आलें, तर त्यास समजलेलें नाहीं. मग पाठांतर कितीही खडखडीत असो. ही परीक्षा घेण्यास इंग्रजीचें एक अक्षरही यावें लागत नाहीं. त्या मावशींस इंग्रजी येत नव्हतें. पण नोकरी गेली तर दाखले कशाला मागतात, एवढी शंका त्यांच्या मनांत राहिली म्हणूनच त्यांनीं कागद जपून ठेविला. ती शंका म्हणजेच खरें वाचन होय.

इंग्रजी चांगली यावी म्हणून घरांतली मराठी कमी करावी, असा एक समज अलीकडे पसरला आहे. वर जें सांगितलें त्यावरून तो किती फोल आहे हें दिसेल. 'टाकणें', 'बसणें', 'लागणें', 'काढणें' यांच्या छटा ज्यास बारकाईनें कळतात, त्याच्याच मनांत 'अप', 'ऑफ' आणि 'आउट' यांस बसावयास जागा तयार असते. आमच्याच जिल्ह्यांत दापोलीच्या मिशन-शाळेंत शिकलेले महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनीं धर्मशास्त्राचा इतिहास पांच खंडांत इंग्रजींत लिहिला आणि १९६३ सालीं त्यांस भारतरत्न हा सन्मान मिळाला. दापोलीसच मिशनच्या शाळेंत शिकलेल्या साने गुरुजींनीं आपली लेखणी मराठीस वाहिली. एकाची कीर्ति इंग्रजी ग्रंथानें झाली, दुसऱ्याची मराठी पुस्तकांनीं. परंतु पहिले शब्द दोघांनींही कोंकणांतल्या घरांत, मराठींतच ऐकले.

तो पुतण्या पुढें एके दिवशीं मजकडे आला. त्याच्या हातीं एक नवी वही होती. पहिल्याच पानावर, वळणदार अक्षरांत, त्यानें 'पुट ऑफ' हे शब्द लिहिले होते व समोर अर्थ लिहिला होता : 'पुढें ढकलणें. उदाहरण : दादाची मुलाखत.' त्या पानावर मी कांहीं दुरुस्ती केली नाहीं.